बापूचं तिसरं लँडिंग

विमान तिसऱ्यांदा आमच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा बापू एका हातानं काहीतरी खुणावत होता. कुपवाडच्या माळावर जमलेल्या लोकांना वाटलं, रामराम करतोय. त्यांनीही हात जोडले. मला मात्र घाम फुटला.

मी दुसऱ्या महायुद्धात एअरफोर्समध्ये रिगर होतो. रिगर म्हणजे विमानाचं अंग सांभाळणारा. पंख, तारा, चाकं हे त्याचं काम. युद्ध संपल्यावर सांगलीत येऊन मी ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागलो. बापू माझं गिऱ्हाईक. कृष्णाकाठी ऊस, घराण्यात मिलिटरी आणि डोक्यात किडा. त्यानं भंगारातून एका मोडक्या विमानाचं इंजिन आणलं आणि बाकीचं विमान गोठ्यात बनवलं. म्हशी बाहेर, विमान आत. परवानगीचं विचाराल, तर संस्थानच विलीन व्हायच्या गडबडीत होतं. उडायला बापू पुण्याच्या एका क्लबात शिकला होता. उतरायचं शिकायच्या आत ऊस तोडणीला आला आणि गडी घरी परतला.

त्यामुळे उडण्यात त्याची कधी चूक झाली नाही. पहिल्या खेपेला उतरताना मेंढरं आडवी आली, त्यांना चुकवून तो बाभळीत घुसला. दुसऱ्या खेपेला चाक बैलगाडीच्या चाकोरीत अडकलं आणि विमान गर्रकन फिरून पंखावर बसलं. दोन्ही वेळा बापू धडधाकट, विमान आडवं. मग त्याच्या बायकोनं, हौसावहिनींनी, मला साक्षीला ठेवून निकाल दिला.

"भावजी, तुमच्या म्होरं सांगती. ह्या खेपंला मोडलं तर इंजिन हिरीवर बसवायचं. खाली ऊस वाळाय लागलाय आन् ह्ये वर घिरट्या घालत्यात."

"आन् न्हाई मोडलं तर?" बापूनं विचारलं.

"तर मी सवता मागच्या शिटावर बसंन."

बापूला आणखी काय हवं होतं? त्या दिवसापासून तो मला घरी जाऊ देईना.

उड्डाणाच्या सकाळी मी सगळं विमान तपासलं. मग वहिनींनी पूजा केली. आमच्याकडे नांगर असो नाहीतर मोट, नवी वस्तू नारळाशिवाय जागची हलत नाही. आणि पूजा झाली की त्या वस्तूशी कुणी खुडबुड करायची नसते. मी पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं, बापू उडाला.

आणि आता तो वरून समोरच्या मीटरवर बोट आपटून दाखवत होता. वेगाचा काटा मेला होता. उतरताना विमानाचा वेग फार कमी झाला, तर ते धोंड्यासारखं खाली येतं. फार जास्त ठेवला, तर जमिनीला टेकतच नाही. मुरलेला पायलट वाऱ्याच्या आवाजावरून अंदाज बांधतो. बापू मुरायच्या आधीच ऊस पिकला होता.

पडण्यापेक्षा जोरात आलेलं बरं, असा त्यानं विचार केला. विमान आलं ते वळू सुटल्यासारखं. माळ संपला तरी चाकं टेकेनात. पुढं हळदीचं रान होतं, नुकतंच पाणी दिलेलं. चाकं चिखलात रुतली, शेपूट वर गेलं आणि विमान पाठीवर उलथलं.

मी धावलो, पण वहिनी पदर खोचून माझ्याही पुढं होत्या. बापू पट्ट्यात उलटा लोंबकळत होता.

"लागलं काय वं?"

"न्हाई गं. पर सगळं उलटं दिसतंय."

"तुमास्नी ते कायमच तसं दिसतंय," वहिनी म्हणाल्या आणि मटकन चिखलात बसून रडू लागल्या.

लोकांनी बापूला सोडवलं. काटा का मेला, ते मी शोधू लागलो. पंखाखाली पुढं तोंड केलेली एक बारीक नळी असते. तिला पिटॉट ट्यूब म्हणतात. समोरची हवा तिच्यात शिरते आणि त्या दाबावर काटा हलतो. त्या नळीत अर्धी जळालेली उदबत्ती खोचलेली होती. ती हलू नये म्हणून भोवती ओली हळद ठासलेली, वाळून टणक झालेली.

बापू लंगडत माझ्यामागं आला.

"चूक तुझी न्हाई, इमानाचीबी न्हाई," मी म्हणालो. "वहिनीस्नी दाव की हे. इंजिन वाचंल तुझं."

बापूनं चिखलात बसलेल्या बायकोकडं पाहिलं. मग उदबत्तीची काडी उपसली आणि पायाखाली दाबली.

"माझ्या जिवासाठीच लावली आसंल रं तिनं. हे कळलं तर जल्मभर मनाला लावून घील." मग मोठ्यानं ओरडला, "चूक माजीच हाय गं! लय जोरात आनलं! ने इंजिन हिरीवर!"

एवढ्या मेहनतीचं विमान गेलं म्हणून मला त्या उदबत्तीचा संताप आला होता. त्या क्षणी तो कुठल्या कुठं गेला.

इंजिन विहिरीवर मीच बसवलं. पाण्यापेक्षा आवाज जास्त, पण ऊस वाचला. दसऱ्याला वहिनींनी त्याचीही पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि उदबत्ती हातात घेऊन त्या इंजिनाला कुठं भोक आहे ते शोधू लागल्या. बापूनं एक केळं पुढं केलं. वहिनींनी उदबत्ती त्यात खोचली.

तेव्हापासून मी कुठलंही यंत्र पूजेआधी तपासत नाही. पूजेनंतर तपासतो.