थोरल्या जावयाचे फोटो

बेलापुरात टेम्पोवाल्या कानिफनाथला शोधायचं तर घरी जाऊन उपयोग नाही. भाडं असलं तर तो रस्त्यावर, आणि नसलं तर रुळांच्या कडेला. रेल्वेचं फाटक बंद झालं की बाकीचे ड्रायव्हर कपाळाला हात लावतात. हा बाबा इंजिन बंद करून खाली उतरतो, मोबाईलची काच सदऱ्याला पुसतो आणि गाडी कुठल्या बाजूनं येतेय ते बघत उभा राहतो. मालगाडी असो, एक्सप्रेस असो, नुसतं एकटं इंजिन असो, त्याला सगळं चालतं. मागचे लोक बोंबलले तरी फोटो झाल्याशिवाय साहेब जागचे हलत नाहीत.

पोलिसांच्या गाड्यांचं तसंच. नवीकोरी बोलेरो दिसली, वर तो लाल-निळा दिवा, की याचा हात खिशात गेलाच म्हणून समजा. एकदा एका नाक्यावर हवालदारानं त्याला धरलं. "फोटो कशाला काढतोस रे? कुणी सांगितलं?" कानिफनाथ म्हणाला, "कुनी न्हाई सायेब, गाडी चांगली दिसली म्हनून." हवालदारानं मोबाईल घेतला. आत पोलिसांच्या गाड्या, आगगाड्या, पुन्हा पोलिसांच्या गाड्या, मधेच एक मोर. बघता बघता त्याचा राग कुठल्या कुठं गेला. शेवटी त्यानं टोपी सरळ केली, गाडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "हां, काढ आता."

जनावरांचा नाद मात्र सगळ्यांत मोठा. कर्जतकडचं भाडं मिळालं की रेहेकुरीच्या अभयारण्यापाशी डबा सोडायचा आणि काळवीट दिसतंय का बघायचं. नाशिकच्या बाजूला गेला की नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर पक्षी. आता टेम्पोवाल्याच्या मोबाईलमध्ये काळवीट ते किती येणार? घरी आल्यावर बायकोला, ज्योतीला, तो फोटो दाखवायचा. ती डोळे बारीक करून विचारायची, "यात काळवीट कुठंय?" हा बोटानं दाखवायचा. "त्ये काय, झुडपाच्या उजव्या अंगाला." ती म्हणायची, "त्ये ढेकूळ हाय," आणि भाकरी थापायला बसायची.

जगात एकच माणूस त्याचे फोटो मन लावून बघायचा. तो म्हणजे त्याचा सासरा, राजूरचे छगनमामा. वनखात्यात मजूर म्हणून सगळी हयात घालवलेला माणूस. कळसूबाईच्या रानात फिरून फिरून गुडघे झिजवले आणि आता ओट्यावर बसून रस्त्यानं जाणारी माणसं मोजतो. जावई आला की मामा चष्मा पुसायचे, मोबाईल डोळ्याजवळ न्यायचे आणि एकेका फोटोवरून याला झापायचे. "आरं लेका, सूर्य समोर ठिवून फोटो काढतोस व्हय? जनावर काळं दिसनार न्हाई तर काय?" कानिफनाथ गुमान ऐकायचा. त्याचा बाप तो पाळण्यात असतानाच गेलेला. हक्कानं झापणारं माणूस त्याला लग्नानंतरच मिळालं, पण हे काही त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आपल्याला बोलणी बसतात एवढंच त्याला कळायचं.

मग धाकट्या रेश्माचं लग्न झालं आणि घरात आदिनाथ आला. संगमनेरच्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर, बोलायला गोड, आणि गळ्यात हा एवढा मोठा कॅमेरा. त्याच्या फोटोतलं काळवीट ढेकळासारखं दिसत नसे. त्याच्या पापण्या मोजून घ्याव्यात इतकं ते जवळ असे. मामा त्याला कधी झापत नसत. "वा, आदिनाथराव, तुमी म्हंजे कमाल केलीत," असं म्हणून चहा ठेवायला सांगत, आणि चहा कपबशीतून येई. कानिफनाथला इतक्या वर्षांत कपबशी कधी आली नव्हती, त्याला आपला स्टीलचा पेला.

गेल्या साली तर कहरच झाला. संगमनेरच्या एका पतसंस्थेनं कॅलेंडर काढलं आणि त्यावर आदिनाथचं काळवीट छापलं, हवेत उडी मारलेलं, खाली त्याचं नाव. राजूरच्या घरात ते कॅलेंडर लागलं, आणि लागलं कुठं, तर कानिफनाथनं फ्रेम करून दिलेल्या पुणतांब्याच्या आगगाडीच्या जागेवर. खिळा तोच. आगगाडी धान्याच्या कोठीवर नेऊन ठेवलेली. सासू मालनबाई म्हणाल्या, "भिंतीला दुसरा खिळा बसंना, माती गळती." कानिफनाथ हसला, म्हणाला, "असूं द्या की मामी." पण परतीच्या वाटेवर त्याचा नुसता जळफळाट झाला. ज्योतीनं दोनदा विचारलं काय झालं म्हणून, आणि दोन्ही वेळा तो गिअरवर खेकसला.

हे झालं आणि बेलापूरला आल्यावर त्याला आणखी एक दणका बसला. कॅलेंडर त्याच्याही घरात लागलं. ज्योतीनं आणलं होतं बहिणीकडून. रोज सकाळी दात घासताना ते काळवीट उडी मारून याच्याकडं बघायचं.

यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. धोंड्याचं जेवण म्हणजे जावयांचा सण. दोघी लेकी, दोघं जावई राजूरला. या महिन्यात जावई म्हणजे देव, सासऱ्यानं त्याचे पाय धुवायचे, ताटात धोंडे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं, असा रिवाज. आदल्या दिवशी सगळे जमले तेव्हा मामा ओट्यावरून सहज बोलून गेले. "गुडघं गेल्यापास्नं रानात पाय न्हाई पडला. डोळं मिटायच्या आत एकदा शेकरू बघायचं हाय. फोटुतलं न्हाई, झाडावरलं."

आदिनाथ लगेच म्हणाला, "मामा, सकाळी माझ्या गाडीतून जाऊ." पण त्याची गाडी बुटकी, तिच्यात गुडघे दुमडून बसायचं म्हणजे मामांना कळा येणार. कानिफनाथनं संधी साधली. "टेम्पोत पाय पसरून बसतील मामा. फुडं काच बी मोठी हाय." मामांनी मान हलवली. कानिफनाथच्या पोटात इतक्या दिवसांनी जरा थंड वाटलं. रातोरात त्यानं केबिन पुसली, सीटवर ज्योतीची गोधडी अंथरली आणि झोपताना तिला म्हणाला, "बघ आता, मामांना शेकरू दाखवनार तर मीच."

सकाळी दोघा जावयांनी मामांना उचलून केबिनमध्ये बसवलं. आदिनाथ हौसेनं मागं हौद्यात चढला, वारं खात उभा राहिला. टेम्पो भंडारदऱ्याला वळसा घालून रतनवाडीच्या रस्त्याला लागला. मामा खुशीत. हे झाड बघ, ती वाट बघ, इथं वाघरू दिसलं हुतं. मधेच कानिफनाथला झापलं, "आरं हळू, बैलगाडीचा रस्ता हाय ह्यो." आणि मग मान वळवून मागच्या जाळीतून मोठ्यानं म्हणाले, "आदिनाथराव, आज शेकरू घावलं की झ्याक फोटू काढा बरं का. फुडल्या सालच्या कॅलेंडरावर आपलं रान येऊं द्या."

झालं. टेम्पो कानिफनाथचा, डिझेल कानिफनाथचं, गोधडी कानिफनाथची, आणि फोटो आदिनाथरावांनी काढायचा. आपण काय भाड्यानं आणलेले ड्रायव्हर? खिशातल्या मोबाईलचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. त्याच्या कानशिलापर्यंत आग गेली.

दाट झाडी लागली तिथं मामांनी टेम्पो थांबवायला लावला. हिरड्याच्या एका मोठ्या झाडावर काटक्यांचं घरटं होतं. आदिनाथ हळूच उतरून पुढं गेला. केबिनमध्ये दोघंच राहिले. बराच वेळ काही हललं नाही. मग वरून खर्रकन आवाज आला आणि कानिफनाथला ते दिसलं. तांबूस अंग, पोटाला पिवळट, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. फांदीवर पोट टेकून ते खाली बघत होतं.

"मामा," तो कुजबुजला, "त्या दोन फांद्या फुटल्यात न्हवं, तितं."

"कुठं? कुठं रं?" मामांनी त्याचं मनगट धरलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात पडदा, नजर ठरायला वेळ लागणार. "पानंच दिसत्यात. थांब हां... थांब जरा."

तेवढ्यात कानिफनाथचं लक्ष खाली गेलं. आदिनाथनं गुडघा टेकला होता, कॅमेरा डोळ्याला लावला होता आणि शेकरू बरोब्बर त्याच्या समोर, जणू फोटो काढायलाच बसलेलं. कानिफनाथला पुढच्या सालचं कॅलेंडर दिसलं. राजूरच्या भिंतीवर, बेलापूरच्या भिंतीवर, खाली नाव छापलेलं. बारा महिने दात घासताना. शेजारी कोण बसलंय, कशासाठी आलोय, सगळं त्या क्षणी त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं. त्याचा तळहात हॉर्नवर पडला.

सगळं रान दणाणलं. फांदी हलली आणि रिकामी झाली.

आदिनाथनं मागं वळून बघितलं. कॅमेरा खाली आला. "काय झालं दादा?"

"हात लागला," कानिफनाथ म्हणाला.

मामा अजून वरच बघत होते. त्याच्या मनगटावरचा त्यांचा हात हळूहळू सुटला आणि त्यांनी तो स्वतःच्या मांडीवर ठेवला. आता ऐकायला लागणार असं समजून कानिफनाथनं मान खाली घातली. लेका, गाढवा, अक्कल गहाण टाकलीस का, काहीतरी येणारच. मामा काही बोलले नाहीत. ऊन चढेपर्यंत तिघं थांबले, पण शेकरू काही परत आलं नाही.

"चला," मामा शेवटी म्हणाले. "बाया वाट बघत असत्याल." मग बाहेर तोंड काढून त्यांनी हाक मारली, "आदिनाथ, मागं नगो हुबं ऱ्हाऊस, उनाचं. फुडं ये हिकडं." आदिनाथ येऊन दाटीवाटीनं बसला. फोटो हुकल्याचं त्यानं अक्षरही काढलं नाही, उलट मामांचीच समजूत घालत राहिला, की पावसाळ्यानंतर परत येऊ, तेव्हा नक्की दिसेल. कानिफनाथला वाटलं, यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्या आल्या मालनबाईंनी विचारलं, "दिसलं का वो?"

"दिसलं की," मामा म्हणाले. "फांदीवर बसलं हुतं. ह्ये एवढं शेपूट."

मालनबाईंचा चेहरा उजळला. रेश्मा म्हणाली, "दाजी, तुमच्या टेम्पोमुळं झालं बघा सगळं." ज्योतीनं नवऱ्याकडं इतक्या कौतुकानं पाहिलं, की लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तसं बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. आदिनाथ बोलायला गेला होता, पण मामांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला.

मग पाट मांडले, रांगोळी घातली. थोरल्याचा मान पहिला. कानिफनाथ पाटावर बसला, शेजारी ज्योती. पुढं परात. मालनबाई म्हणाल्या, "आवो, तुमी खुर्चीवर बसून नुसतं पानी घाला, गुडघं दुखत्याल." मामांनी ऐकलं नाही. भिंतीला धरून, ओठ आवळून ते खाली बसले. दोन्ही गुडघे कटकट वाजले ते सगळ्यांनी ऐकलं.

"मामा, राहूं द्या," कानिफनाथ म्हणाला.

"पाय फुडं घ्या, जावईबापू."

त्यांनी पाणी घातलं. टाच चोळली, बोटांच्या मधली माती काढली. कानिफनाथनं पाय मागं घ्यायला बघितला, तर त्यांनी घोटा हलकेच धरून पुढं आणला. दुसरा पाय धुतला. नव्या टॉवेलनं पुसले, गंध लावलं, फूल वाहिलं. वाणाचं ताट हातात दिलं आणि वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"मामा," कानिफनाथ कसाबसा म्हणाला, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू, "हात लागला न्हाई. मी मुद्दाम..."

"असूं द्या, जावईबापू," मामा तसेच हळू म्हणाले. "काय चुकलंमाकलं तर आमाला पदरात घ्या." आणि सरकत सरकत दुसऱ्या पाटाकडं गेले.

आदिनाथ बसला होता, कॅमेरा गळ्यात तसाच. मामांनी तांब्या खाली आपटला.

"आरं येड्या, त्ये लोढनं काढ की आधी गळ्यातलं. आणि मांडी नीट घाल, मास्तर हायस न्हवं तू? पोरांना काय शिकवतोस?"

सगळे हसायला लागले. ज्योती हसली, आदिनाथही ओशाळून हसला. कानिफनाथ मांडीवर ताट घेऊन बसला होता. ताटात धोंडे होते, तुपाचा दिवा होता, आणि त्याच्या पायाला अजून ओल होती. त्या एका 'येड्या'साठी त्यानं टेम्पोसुद्धा देऊन टाकला असता, आणि तो आदिनाथ, ऐकलंच नसल्यासारखा, मान वाकडी करून कॅमेऱ्याचा पट्टा सोडवत बसला होता.