निर्माल्याच्या खड्ड्यातले खत

धारच्या तळ्याकाठी, वस्तीच्या बाहेर, विहिरीला लागून माझ्या थोरल्या भावाने जमिनीचा एक तुकडा घेतला होता. भाऊ गेल्यावर तो वहिनींचा राहिला. मी दरबारच्या मोजणी खात्यात नोकरीला होतो, त्यामुळे त्याची लांबी-रुंदी मला तोंडपाठ होती. आज मात्र तो तुकडा आठवू लागला की मापे मागे राहतात आणि धुके पुढे येते. थंडीच्या दिवसांत सकाळी ते तळ्यावरून सरकत काळ्या ढेकळांवर यायचे, आणि पाणी कुठे संपले, जमीन कुठे लागली, हे काही वेळ कळत नसे. त्या धुक्यात वहिनी बांधावर उभ्या असत. दुरून पाहिले तर जमिनीवर नुसता एक उभा ठिपका.

वहिनी सोवळ्याच्या फार कडक. त्यांची चूल वेगळी, आणि त्या चुलीवर गहू शिजायचा तो त्या तुकड्यातलाच. घरात धान्याला तोटा नव्हता, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितले.

"तुमचं तुम्ही खा, भावजी. माझ्यापुरतं यांनी ठेवलंय," एवढेच त्या म्हणत.

पण तो तुकडा दोन सालांपासून काही देईना. वहिनींचे भाऊ सतवासला राहत. ते दरवर्षी चैत्रात गाडी घेऊन येत आणि बहिणीला कायमची घरी न्यायची गोष्ट काढत. दुसऱ्या खेपेला पीक बुडाले तेव्हा वहिनी माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "पुढल्या साली या जमिनीनं मला वर्षाचं खाऊ घातलं नाही, तर गाडीत बसेन."

त्या दिलेला शब्द फिरवणाऱ्या नव्हत्या. माझी मुले त्यांच्या मांडीवर वाढली होती. माझी बायको त्या दिवशी माझ्याशी फारसे बोलली नाही. जणू पीक मीच बुडवले होते.

पीक बुडाले ते शेणाने. वहिनींचे म्हणणे असे, की गाईचे ताजे शेण पवित्र, त्याने आपण भुई सारवतो. उकिरड्यातले कुजके खत मात्र ओवळे, त्याला हात लागला तर स्नान. मग त्या खतावरचा गहू सोवळ्यात कसा चालावा? म्हणून पेरणीच्या आधी त्या गोठ्यातले ताजे शेण टोपल्या टोपल्या वाफ्यांत घालत. गहू वीतभर वर यायचा, पिवळा पडायचा, आणि मुळाशी वाळवी लागायची. शेजारचा माळवी शेतकरी बांधावरून हसायचा.

"कच्चो गोबर नाख्यो, बाईजी? उदई ने न्योतो दई दियो. अबे पंगत तो बेठेगीज."

वाळवीला आवतण दिलेत, आता पंगत बसणारच, असे त्याचे म्हणणे. वहिनी टोपली उचलून चालू लागत. घरी येऊन मला म्हणत, "माणूस बरा आहे, पण तोंड फार."

आमच्या परसात निर्माल्याचा खड्डा होता. देवावरून उतरलेली फुले, बेल, तुळस, दूर्वा पायदळी येऊ नयेत म्हणून त्यात टाकायची, आणि खड्डा भरला की सगळे तळ्यात सोडायचे. त्या उन्हाळ्यात तळे फार खाली गेले होते. निर्माल्य नदीवर न्यावे म्हणून वहिनींनी खड्डा उपसायला घेतला, आणि थोड्या वेळाने मला हाक मारली.

वर सुकी फुले होती. खाली फूल नव्हते, पान नव्हते. काळी, हलकी, ओलसर माती होती. तिला दुर्गंध नव्हता. देवघर सकाळी उघडल्यावर येतो तसा काहीसा थंड वास होता. तीत गांडुळे वळवळत होती. मी एक पावडेभर माती पाटीत पसरून मोजली, तर सतरा निघाली. तुकड्यावरच्या तेवढ्याच मातीत मला दोन मिळाली होती.

नकाशे वाचायचे माझे भिंग होते, ते मी आणले. आम्ही दोघे पाटीवर वाकलो. भिंगाखाली कोळ्याच्या जाळ्याहून बारीक पांढरे तंतू एका कुजल्या पानाच्या उरल्या शिरेला धरून होते, आणि तांदळाच्या कणीहून लहान, पांढरे किडे उड्या मारीत होते. किती वेळ पाहत होतो, सांगता येणार नाही. ऊन पाठीवरून उतरून गेले. पुढे शेतकीतल्या एका जाणत्या गृहस्थाने मला सांगितले, की भिंगालाही न दिसणारे जीव याहून पुष्कळ असतात. पालापाचोळा, शेण ते खातात आणि मग ते पिकाला लागू पडते. शेण कच्चे घातले तर ते आधी आपलेच पोट भरतात, गव्हाला उरत नाही. पण हे नंतरचे. त्या दिवशी वहिनींनी फक्त विचारले,

"भावजी, हे ओवळं म्हणायचं का?"

"देवावरची फुलं आहेत."

"कुजलेली."

"कुजलेली," मी म्हणालो.

त्यांनी वरची सुकी फुले वेगळी काढून ठेवली. मग म्हणाल्या, "यात शेण पडलं तर तेही देवाचंच होईल."

पावसाळाभर शेण आणि निर्माल्य थरांनी त्या खड्ड्यात गेले, वर मातीचे पांघरूण. आश्विनात उपसले तेव्हा शेण शोधून सापडले नाही. खत अर्ध्याच तुकड्याला पुरले. उरलेल्या अर्ध्यात काही घातले नाही. माघात दोन्हींमधली रेघ विहिरीच्या काठावरून दिसे: इकडे फिकट, तिकडे काळपट हिरवे, आणि वारा आला की तो हिरवा भाग जरा उशिराने हलायचा, झोपेतल्या माणसासारखा.

चैत्रात वहिनींचे भाऊ आले. मी खळ्यावर गहू मापला. बियाणे वगळले, दोन वेळच्या जेवणाच्या हिशेबाने भागले, पुन्हा मापले. दहा महिन्यांचा होता. खोटे सांगणे मला जमले नसते, आणि वहिनींनी ते ऐकलेही नसते.

"दोन महिने कमी पडतात," मी म्हणालो.

"झालं तर," त्यांचे भाऊ म्हणाले. "ताई, बैलांना पाणी पाजून घेतो."

वहिनी गव्हात हात घालून बसल्या होत्या. "भावजी, बाराही महिने दोन वेळचं धरलंत?"

"हो."

"चातुर्मासात मी एकदाच जेवते."

चार महिने एक वेळ, म्हणजे दोन महिन्यांचा गहू शिल्लक. मी इतकी वर्षे त्यांच्याबरोबर एका घरात राहत होतो आणि हे माझ्या भागाकारात आले नव्हते.

"काय हो, दरबारची जमीन अशीच मोजता का?" त्यांचे भाऊ मला म्हणाले. मग बहिणीकडे वळले. "आणि अधिक महिना आला तर?"

"तर एकादश्या धर जमेला. पान वाढलंय, हातपाय धुऊन घे."

ते जेवले, वामकुक्षी केली. बहिणीसाठी गाडीत अंथरलेली सतरंजी त्यांनी स्वतःच घडी केली. गाडी उन्हाच्या धुरळ्यात विरघळेपर्यंत मी वाटेवर उभा होतो. वहिनी थांबल्या नाहीत. खळ्यावरचा भुसा वाऱ्याने उडून जायच्या आत त्यांना खड्ड्यात नेऊन टाकायचा होता.