कमी होल्टेजचा आवाज

आमच्या हिचा आवाज गड्यासारखा होता. हे मी तिच्या माघारी म्हणत नाही, तोंडावर लई वेळा म्हणून झालंय. दारात कुणी आलं आणि आतून हिनं "कोण हाय?" म्हणलं की माणूस पायरीवरच थबकायचा आणि विचारायचा, "मालक, वहिनी हायत का घरात?" एकदा लाईटबिल वाटणाऱ्यानं असंच विचारलं तर ही म्हणाली, "वहिनी मीच. मालक तिकडं माठात तोंड घालून बसलेत."

ते खरं होतं. मी माठात तोंड घालूनच बसलो होतो.

मी लातूरला दालमिलमध्ये मशीनवर होतो. शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. दिवसभर कानात खडखडाट. घरी आल्यावर कानाला काहीतरी बरं लागावं म्हणून नांदेडहून एक टेपडेक आणला. कंपनीचा नव्हे, तिथल्या एका मेकॅनिकनं सुटे भाग जोडून केलेला. आणि त्या काळात स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायची पद्धत होती. माठात आवाज घुमतो, गोल होऊन बाहेर येतो. हिनं उन्हाळ्यासाठी कुंभाराच्या दारात बसून, टिचक्या मारमारून निवडलेले दोन माठ मी स्पीकरला लावले.

"आता पाणी कशात भरू?" ही म्हणाली. "तुमच्या गाण्यात?"

आवाज चांगला यायचा, पण मागं एक गुणगुण असायची. माठात माशी अडकल्यासारखी. गाणं थांबलं तरी ती चालूच. म्हणून मी माठाला कान लावून बसायचो. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, "चाचा, डेक मतलब क्या? लाईटीलाच गायला लावायचं. लाईट खराब तर गाणं खराब. अर्थिंग करा."

मग मी अंगणात खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरून तार पुरली. अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो. ओला असला की माशी बारीक होते, वाळला की परत मोठी. आता लातूरला पाणी किती, ते काय सांगायचं? नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक.

"तुळशीला चूळभर पाणी न्हाई," ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलायची, "अन् ह्यांच्या वायरीला कळशी पाहिजे."

पण दुसऱ्या दिवसापासून भांडी विसळलेलं पाणी तीच त्या खड्ड्यात ओतायला लागली. ओतायची आणि अंगणातूनच ओरडायची, "गेली का माशी?"

"गेली," मी आतून म्हणायचो.

"मग मलाबी एक माठ द्या परत."

मग भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरग्याकडं काय झालं ते मी लिहीत नाही. ज्यांचं गेलं त्यांनी लिहावं, माझी ती लायकी नाही. लातुरात आमचं घर उभं राहिलं, एक भिंत वरपासून खालपर्यंत चिरली आणि अर्थिंगची तार तुटली. घरात झोपायची हिंमत कुणालाच नव्हती. सगळी गल्ली शेजारच्या मैदानात ताडपत्र्या बांधून राहायला गेली. कुणी देव आणले, कुणी शिलाई मशीन आणलं. मी डेक आणला. त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून संपलेलं नाही.

मैदानात खांबावरून एकच वायर ओढून सगळ्या पालांना लाईट दिली होती. बल्ब असा पेटायचा की त्याला बघायला दुसरा बल्ब लागावा.

हिचं माहेर भोकरजवळच्या एका वाडीत. तिथं बातमी गेली की लातूर भुईसपाट झालं. फोन त्यांच्या वाडीत नव्हता. मी स्वतःच्या हातानं कागद लिहून धाडला की आम्ही बरे आहोत. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, माझ्या मेव्हण्यानं वाचून दाखवला. त्यांचा निरोप आला, "जावई कायबी लिहील. मला लेकीचं बोलणं ऐकव."

मग मी हिला डेकसमोर बसवलं, हातात माईक दिला. ही अशी बोलायला लागली जसं काय भोकर बांधापलीकडं आहे.

"अगं हळू," मी म्हणलं, "हे मशीन हाय, मोट न्हाई."

"तुम्ही गप बसा, तुमचाबी आवाज येईल त्यात. माय म्हणंल, गडी बायकोला बोलूबी देत न्हाई."

कॅसेट भरली. मी तिथंच परत लावून ऐकली. एकदम बरोबर, हिचाच आवाज, माशीसकट. नांदेडला चाललेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर ती भोकरला धाडून दिली आणि मी निवांत झालो.

चौथ्या की पाचव्या दिवशी मेव्हणा पालासमोर उभा. डोळे सुजलेले. ही चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्याकडं बघून तो मटकन खालीच बसला.

"काय रे दादा, काय झालं?"

"तू मेलीस म्हणून आलो," तो म्हणाला.

झालं होतं असं. मेव्हण्यानं आपल्या टेपात नवे सेल घालून कॅसेट लावली. सगळी वाडी जमलेली. आणि आतून आवाज आला तो बारीक, चिमणीसारखा, भराभरा बोलणारा. सासूबाईंनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि छाती बडवून घेतली. "ही माझी लेक न्हाई! माझी लेक गेली, अन् ह्या गड्यानं दुसरी आणून बसवली!"

हिला एसटीनं भोकरला जाऊन स्वतः उभं राहावं लागलं. सासूबाईंनी तिला चाचपून बघितलं, तिला मोठ्यानं बोलायला लावलं, तेव्हा कुठं मी सुटलो. पण पुढं त्या हयात असेपर्यंत मी गेलो की दारातच विचारायच्या, "एकटेच आलात? का धाकलीला आणलंय?" मेव्हणा म्हणायचा सेल खराब होते. मी म्हणायचो त्याच्याकडं माठ नव्हता. खरं काय ते कुणालाच कळलं नाही, आणि हसण्यापुरतं कळायची गरजही नव्हती. कॅसेट ही परत घेऊन आली आणि पोलक्याच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवली.

मग लातूरला दुसरा भूकंप आला, क्लासचा. दहावी झालेलं प्रत्येक लेकरू डॉक्टर व्हायला आमच्या गल्लीत राहायला आलं. जिथं म्हशी बांधायचे तिथं मेस झाली, जिथं मेस होती तिथं झेरॉक्स झालं. आम्हीही वर खोल्या काढून पोरी ठेवल्या. मुदखेडच्या, देगलूरच्या, भोकरच्या. गल्ली चौपट वाढली, लाईटीची डीपी तीच जुनी. सकाळी आंघोळीच्या वेळेला घरोघर बादलीत पाणी तापवायचे रॉड पडायचे, की होल्टेज बसलंच म्हणून समजा. बल्ब तांबडा आणि माझ्या डेकातली गाणारी बाई अडलेल्या म्हशीसारखी.

मी जिन्यात उभा राहून ओरडायचो, "रॉड काढा गं!"

वरून पोरी खिदळायच्या. आणि स्वयंपाकघरातून हिचा आवाज यायचा, "ए पोरींनो, काढू नका! शिकून डॉक्टर व्हा अन् आधी ह्यांचे कान तपासा."

शेवटी मी स्टॅबिलायझर आणला. लाईट खाली-वर झाली की तो आत टक् टक् करून सावरून घ्यायचा. डेक सुधारला. ही त्याला आपली सवत म्हणायची. "मी एवढी बोलते, मला कधी हूं केलं न्हाई. तिनं टक् केलं की लगेच बघायला जातात."

ती गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. दवाखान्यात नेलं, आणलं, परत नेलं. त्याच्यावरही मी फार लिहीत नाही. आल्यागेल्या माणसांनी सांगितलं की बाबा, सवय होईल. कसली सवय होतीय, घंटा! अर्थिंगला पाणी आता मी घालतो. घातलं की तिथंच उभा राहतो. माशी गेली का ते विचारायला अंगणात मी आहे, पण सांगायला आत कुणी नाही.

मग पेटीतली कॅसेट आठवली. बाकी तिचे फोटो आहेत, पण फोटोत ती गप आहे. गप ती कधी नव्हती. मी डेक पुसला, स्टॅबिलायझर चालू केला, कॅसेट लावली.

बारीक आवाज. चिमणीसारखा. भराभरा बोलणारी कुणीतरी पोर.

सासूबाई खरं बोलत होत्या. ही माझी बायको नव्हती.

असं वाटलं की ती परत एकदा गेली. वरच्या पोरींतली एक देगलूरची पोर आहे, हिच्या हाताखाली भाकरी शिकलेली. ती म्हणाली, "आजोबा, मी मोबाईलवर घेते अन् स्पीड कमी करते." केली तिनं. "एवढी? का अजून?" विचारत राहिली. मला काही सांगता येईना. जिथं थांबवली तिथं ही जांभई देत बोलल्यासारखी वाटली. पोरगी बिचारी रडवेली झाली. मी म्हणलं, "राहू दे माय, तुझा पेपर हाय."

तरी रोज सकाळी चहाबरोबर मी ती चिमणीच लावत होतो. काहीच नसण्यापेक्षा चिमणी बरी. आणि एक दिवस स्टॅबिलायझर जळाला. घरभर वास. तो दुरुस्तीला दिला आणि दुसऱ्या सकाळी डेकची पिन सरळ भिंतीत घातली. चिमणी बोलायला लागली. वर पोरींचे रॉड पडले, गल्लीत पडले, बल्ब तांबडा झाला, डेक जड व्हायला लागला. मी सवयीनं उठलो ओरडायला.

आणि माठातून आवाज आला, "माय, मी हाय. जित्ती हाय. रडू नको."

गड्यासारखा.

मी जिन्याकडं चाललेलो, तिथंच थांबलो. बशीतला चहा अंगावर सांडला ते नंतर कळलं.

मशीनवर सगळा जन्म घातलेल्या माणसाला हे आधीच कळायला पाहिजे होतं. त्या दिवशी मैदानात लाईट मेलेली होती. डेक हळू चालत होता आणि हळू चालतच त्यानं हिचं बोलणं भरून घेतलं. आता तो धडधाकट लाईटीवर पळायला लागला की ही चिमणी होते. त्याला परत तसंच हळू चालवलं तरच तिचा आवाज तिचा. ज्या कमी होल्टेजला मी सगळी उमर शिव्या दिल्या, त्याच्यातच ही बसली होती.

स्टॅबिलायझर दुरुस्त होऊन आला तो तसाच कोपऱ्यात आहे. सवत माहेरी बसवली, असं ही म्हणाली असती. आमचा पोरगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला, "अण्णा, वर सोलर बसवू. पोरींना गरम पाणी मिळंल, लाईटीचाबी त्रास जाईल." मी म्हणलं, "माझ्या जितेपणी न्हाई." तो म्हणतो म्हातारा हट्टी झाला. होऊ दे.

पण आकाशातला सूर्य कुणाचं ऐकतो? उन्हाळा लागला. पोरी गार पाण्यानं आंघोळ करायला लागल्या. होल्टेज चांगलं, चिमणी परत. आठवडाभर कळ काढली. मग एका सकाळी जिना चढून वर गेलो आणि दार वाजवलं.

"पोरींनो, रॉड लावा."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मुदखेडची पोर म्हणाली, "आजोबा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. लावा सगळे."

"एवढ्या गर्मीत? अवो, घामानंच आंघोळ होऊन राहिली."

"आंघोळ करू नका. नुसतं पाणी तापवा. मला आजीचा आवाज ऐकायचा हाय."

देगलूरच्या पोरीला तेवढ्यात समजलं. ती दुसरीला म्हणाली, "ए, बादल्या भर. इस्त्रीबी लाव." मेसवाल्या बाईच्या दारात जाऊन तिचाही रॉड लावून आली. आणि सगळ्या खाली येऊन माठापाशी बसल्या. बल्ब तांबडा झाला. मी कॅसेट लावली.

"माय, मी हाय. जित्ती हाय. रडू नको. भिंत चिरली, बाकी घर हाय. हे बी हायत. ह्यांना काय होतंय! धरणी हलली तर ह्यांनी आधी डेक धरला..."

पोरी फिदीफिदी हसायला लागल्या.

"खोटं बोलती," मी म्हणलं. "ही माझ्या आधीच अंगणात जाऊन गल्ली उठवत होती. धरायला जागेवर तर पाहिजे माणूस."

"अन् मग बाहेर येऊन..." हिचा आवाज अजून खाली गेला, आणि फटकन फ्यूज उडाला. माठ गप्प. माशीसुद्धा गप्प.

"मग काय?" मुदखेडची पोर म्हणाली. "आजोबा, बाहेर येऊन काय?"

मी मीटरखाली स्टूल ओढलं, फ्यूजची तार घेतली आणि वर चढलो. देगलूरची स्टूल धरून उभी राहिली.

"ते तिच्याच तोंडून ऐका," मी म्हणलं. "जा वर. रॉड राहू द्या, इस्त्री तेवढी काढा."