मामांच्या बांधावरची माती

कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मातीतले जिवाणू एकमेकांना मारायला रसायनं तयार करतात. आपली कितीतरी प्रतिजैविकं अशीच हाती लागली. एखादं नवं सापडावं म्हणून मी गावोगावची माती आणत असते. मागच्या वर्षी जवळच्या इन्नंबूर गावी मामांच्या भातशेताच्या बांधावरची आणली. तिच्यातून राखाडी, पिठासारखा एक जिवाणू वाढला. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या थाळीत तो ठेवला, तर त्याच्याभोवती काही उगवलंच नाही. मी फोटो काढला आणि आईला दाखवला.

लवकरच घरात एक मुंज होती. पंगतीत आईनं तो फोटो फिरवला. "माझ्या लेकीनं औषध काढलं!" हे औषध नाही, औषध व्हायला वर्षं जातात, बहुतेकदा होतच नाही, एवढं मी म्हणायला हवं होतं. मी पानातला भात कालवत राहिले. ऐकायला गोड वाटत होतं. समोर मामा बसले होते. मधुमेहामुळे पायाच्या बोटाला झालेली त्यांची जखम बरी होत नव्हती. "माती माझ्या शेतची," ते शेजारच्याला सांगत होते.

मग चेन्नईच्या प्रयोगशाळेतून तपासणीचं उत्तर आलं. त्या जिवाणूचं रसायन जुनंच निघालं, फार पूर्वी सापडलेलं, आणि मूत्रपिंडांना इतकं घातक की कुणाला देता येत नाही. आमच्या कामात असं नेहमी होतं. वाईट वाटलं, पण घरी मी काही बोलले नाही. कुणी विचारलं तर सांगू.

विचारलं मामींनी, फोनवर, आमच्या जुन्या तंजावरी मराठीत. "तुझं औषध होलं का गं?"

"का हो मामी?"

"डॉक्टर बोट काढा म्हणतात. हे ऐकत नाहीत. भाचीचं औषध येतंय, तोवर थांबतो म्हणतात."

मी तशीच निघाले. मामा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. वास दारातच आला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"पण फोटोतले जंतू मेले होते ना?"

"मेले होते, मामा. पण त्यानं माणसालाही अपाय झाला असता."

त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. "मग मुंजीत का नाही बोललीस?"

दवाखान्यात न्यायला मी रिक्षा बोलावली. मामी त्यांचा शर्ट आणायला आत गेल्या.

तोवर विष वर चढलं होतं. अर्धं पाऊल काढावं लागलं. "थोडं आधी आणलं असतं तर बोटावर भागलं असतं," सर्जन मला तमिळमध्ये म्हणाले. "थांबायला कुणी सांगितलं यांना?"

"माझ्यामुळे थांबले," मी म्हणाले. ते माझ्याकडे बघून पुढच्या खाटेकडे गेले.

मामा आता खास बनवलेली चप्पल घालून घरात चालतात. निसरड्या बांधावर जाता येत नाही, म्हणून शेत दुसऱ्याला खंडानं कसायला दिलंय. माझ्यावर ते रागावले नाहीत. आलेल्यांना आजही म्हणतात, "ही औषधं शोधते." मग मी लगेच म्हणते, "अजून एकही मिळालेलं नाही," आणि तरीही कान तापतात.

मामी मात्र बोलत नाहीत. मी गेले की कॉफीचा टंबलर माझ्यापुढे ठेवतात आणि आत जातात. मी ती पिते. नको म्हणायला मला तोंड नाही.