व्हिसा नाकारला, म्हणून अमेरिका म्हैसुरात पाहिली

व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या तरुण साहेबाने हसून विचारलं, "फिलाडेल्फियाला काय बघणार?" मी म्हणाले, ती तडा गेलेली घंटा. तो खुशीत म्हणाला, "हो, स्वातंत्र्य जाहीर झालं त्या चार जुलैला वाजली होती ती!" इथे एखादी शहाणी बाई 'हो हो' म्हणून मोकळी झाली असती. पण मी जन्मभर बी.ए.च्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवलाय. त्या दिवशी ती घंटा वाजल्याचा पुरावा नाही, ती गोष्ट पुढे कुणीतरी रचली, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. मागे रांग, समोर काच आणि माझा तास सुरू. थोड्या वेळाने पासपोर्ट परत हातात आला, व्हिसाशिवाय.

कारण तेच असेल असं मी म्हणत नाही. खिडकीपलीकडचं मला काय कळणार? पण घरच्यांना मात्र ते लगेच कळलं. माझी नणंद रुक्मिणी, आम्ही तिला रुक्कू म्हणतो, अग्रहार या जुन्या भागात शिवणकामाचं दुकान चालवते. ती कात्री खाली न ठेवताच म्हणाली, "अय्यो वैनी, तुला कोण सांगितलं त्याला दुरुस्त करायला? सुम्ने मान हलवायची नाही काय?" सुम्ने म्हणजे उगीच, गुपचूप. आमची म्हैसूरची मराठी ही अशी, निम्मी कन्नड. मी शिकायला पुण्यात होते म्हणून लिहिताना जरा सरळ लिहिते एवढंच.

अटलांटात राहणाऱ्या माझ्या लेकीचंही तेच म्हणणं. पुन्हा अर्ज कर, नातवाला बघायला येते एवढंच सांग, इतिहासाचं नाव काढू नकोस. नातू चालायला लागलाय आणि मी त्याला फक्त फोनच्या काचेत पाहिलंय, तेव्हा माझा जीव तिकडे ओढत नाही असं समजू नका. लेकीला इकडे येणं अवघड आहे. एकदा देशाबाहेर पडलं की व्हिसाचा शिक्का पुन्हा मिळेल की नाही, या धास्तीत ती आणि जावई दिवस काढतात. म्हणजे भेट व्हायची तर मीच जायला हवं, आणि जायचं तर तोंड शिवून. मला राग आला. ज्या देशाच्या इतिहासातलं प्रत्येक मोठं वळण कुणीतरी गप्प बसायला नकार दिला म्हणून आलं, तिथे जायला मी गप्प बसायचं? मी रुक्कूला म्हटलं, दुकान तीन दिवस बंद ठेव. अमेरिका मला येऊ देत नसेल तर मी तिला इथे बघणार.

पहिला मुक्काम श्रीरंगपट्टण. आमच्या बोगादीहून शहर बसस्थानकावर यायचं, तिथून सारख्या बस आहेत. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसला भाडं नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. निघण्यापूर्वी पोटभर खाऊन घ्या. आम्ही मोगऱ्यासारखी मऊ मल्लिगे इडली, सागू म्हणजे भाज्यांचा कुर्मा, आणि दोन-दोन कॉफ्या घेतल्या. किल्ल्यात ठिकाणं लांबलांब आहेत, रिक्षा ठरवा, पण बसण्याआधी भाव ठरवा. चप्पल नको, बूट घाला आणि ऊन चढायच्या आत फिरून घ्या.

तटावरून कावेरी दिसते त्या जागी मी उभी राहिले आणि सुरुवात केली. यॉर्कटाउनला ज्या इंग्रज सेनापतीच्या फौजेने अमेरिकन बंडखोरांपुढे शस्त्रं ठेवली, तोच काही वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. शरण जायच्या दिवशी हा गृहस्थ आजारी आहे म्हणून सांगून तंबूत बसला होता, तलवार द्यायला हाताखालचा माणूस पाठवला. इथे मात्र स्वतः आला, किल्ल्याला वेढा घातला, सुलतानाचं निम्मं राज्य घेतलं आणि त्याचे दोन मुलगे ओलीस नेले.

शेजारी सांगलीहून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातले काका पुढे झाले. "म्हणजे मॅडम, तिकडे हरला आणि इकडे जिंकला?"

"हो. साम्राज्यात हरलेल्याला घरी बसवत नाहीत, दुसरीकडे पाठवतात."

"आमच्या ऑफिसात पण असंच आहे," काकू म्हणाल्या आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसल्या.

मग मी त्यांना अग्निबाणांचं सांगितलं. पुढच्या लढाईत किल्ला पडल्यावर इथले लोखंडी नळ्यांचे बाण इंग्लंडला गेले, त्यांच्यावरून तिथे नवे बनले आणि तसले बाण इंग्रजांनी पुढच्या लढाईत अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या किल्ल्यावर सोडले. अमेरिकेच्या दोन लढायांची टोकं या तटाशी येऊन मिळतात आणि इथे त्याचा एक फलकही मला दिसला नाही. काकांनी माझा फोन नंबर मागितला. रुक्कू म्हणाली, "बघ, तुझा तास फुकट जात नाही." परतीच्या वाटेवर आम्ही गरम मद्दूर वडे घेतले, तेही रुक्कूच्या पैशाने.

दुसऱ्या दिवशी कुठेच गेलो नाही, अग्रहारातच चालत फिरलो. माझं माहेर इथलंच, रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचं आणि त्यावर लाकडी ठशांनी छापायचं, हा आमचा धंदा. आता एक भाऊ बँकेत, एक औषधांच्या दुकानात, आणि रंग फक्त दिवाळीच्या रांगोळीत. ठसे ठोकायच्या मेजांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तिथल्या पायरीवर बसून मी रुक्कूला अमेरिकेचं यादवी युद्ध सांगितलं. दक्षिणेतली बंदरं अडवली, कापूस विलायतेला जाईना, तिथल्या गिरण्या अडल्या आणि त्यांची नजर इकडच्या कापसावर पडली. भाव आभाळाला भिडले. सूत महाग, कापड महाग, रंगारी हात चोळत बसलेला. मग युद्ध थांबलं आणि भाव धाडकन खाली आले. ज्यांनी चढ्या भावावर उड्या मारल्या होत्या ते बुडाले.

"आणि ते गुलाम?" रुक्कूने विचारलं. "सुटले ना ते? मग कापूस कोण वेचलं?"

"तेच वेचत राहिले. जमीन मालकाची, पीक वाट्याने, आणि मान वर काढू द्यायची नाही अशी सोय."

"म्हणजे सुटले कुठे?" ती म्हणाली आणि मला पुढचं सांगणं भाग पडलं. दुपारी जवळच्या खानावळीत केळीच्या पानावर जेवलो. सांबार गोडसर, भाताला तोटा नाही. जेवण होईपर्यंत मी तिला दक्षिणेतल्या माँटगोमेरी गावच्या बसपर्यंत आणून सोडलं होतं. काळ्यांनी मागे बसायचं आणि गोऱ्याला जागा कमी पडली तर तीही सोडायची, असा तिथला कायदा. कामावरून घरी निघालेली एक बाई उठली नाही. तिला पकडलं, आणि गावातले काळे लोक वर्षाहून जास्त काळ त्या बसमध्ये चढलेच नाहीत. पायी गेले.

"काय काम करायची ती?"

"कपडे शिवायची. मोठ्या दुकानात."

रुक्कूने भात कालवायचा थांबवला. "शिवायची? हे आधी का नाही सांगितलंस?" नंतर सगळा वेळ तिने मला त्याच बाईबद्दल छळलं. यंत्र पायाचं होतं की हाताचं, पाठ दुखत असेल का, पकडल्यावर दुकानातली नोकरी राहिली का. नोकरी राहिली नाही, हेही तिने माझ्याकडून काढून घेतलं.

तिसरा दिवस कृष्णराजसागर धरण. बस बेळगोळवरून जाते, तिथे कारखाने आहेत, म्हणून पाळी सुटायच्या वेळेला गर्दी असते. ती वेळ टाळा. आम्ही टाळली नाही. जाताना मी तिला मंदीचं आणि टेनेसीच्या धरणांचं सांगितलं. महामंदीत लाखो लोक बेकार झाले, तेव्हा तिथल्या सरकारने आपली जबाबदारी काय हा विचारच बदलला आणि नदीवर धरणं बांधून माणसांना काम दिलं. आमचं हे धरण त्याआधी पुरं झालेलं, हे मी भिंतीकडे बोट दाखवून मोठ्याने सांगितलं. बागेला तिकीट आहे, संध्याकाळची कारंजी बघायची तर परतीची बस आधी विचारून ठेवा.

परतीच्या बसमध्ये आम्हाला बसायला मिळालं. सगळ्यांसाठीची बाकं होती, राखीव नव्हेत. बेळगोळला लोक घुसले. एक चांगला धडधाकट माणूस रुक्कूच्या डोक्यावर उभा राहून कन्नडमध्ये म्हणाला, "तुम्हा बायकांना फुकट. पैसे भरणारे आम्ही उभे. उठा की जरा." हे अलीकडे ऐकू येतं. बायका बहुधा हसून सोडून देतात, कधी उठतातही. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात रुक्कूने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "एळल्ला." उठणार नाही.

"काय?"

"एळल्ला. दिवसभर यंत्रावर बसते म्हणून नाही. सुम्नेच, एळल्ला."

मागून एक म्हातारी ओरडली, "कूतको अम्मा, कूतको!" बस गं, बस. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. आम्हाला वाटलं आता हा उठवतो. तो त्या माणसाला म्हणाला, "शून्य रुपयाचं असलं तरी तिकीट ते तिकीटच, सार. मी फाडून दिलंय." माणूस पुटपुटत पुढे सरकला. हे माँटगोमेरी नव्हतं, माझं डोकं ठिकाणावर आहे. आम्हाला कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं. पण शहर येईपर्यंत रुक्कूने माझ्या मांडीवरचा हात काढला नाही, आणि मला तिचा भयंकर अभिमान वाटला. तीन दिवसांचा दोघींचा खर्च एका व्हिसा अर्जाच्या फीपेक्षा कितीतरी कमी झाला, हेही सांगून ठेवते.

घरी येऊन मी हे सगळं माझ्या ब्लॉगसाठी लिहून काढलं आणि लेकीला वाचून दाखवलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, हे ब्लॉगवर टाकू नकोस. हल्ली अर्ज करणाऱ्याचं हेही बघतात म्हणे. आणि टाकलंस तर माझं नाव तरी घालू नकोस."

"यात वाईट काय लिहिलंय?"

"काहीच नाही. इथे आम्ही सगळे गप्पच असतो. ऑफिसात, शेजारी, फोनवरसुद्धा. सवय झालीय."

मला माझ्या भीतीची पर्वा नाही, पण तिच्या भीतीवर पाय देऊन मला शूर व्हायचं नव्हतं. म्हणून हे लिखाण पडून राहिलं. रुक्कू दोनदा विचारून गेली, आपली बस आली का छापून.

मग परवा, देवापुढे दिवा लावत होते तेव्हा फोन आला. तिकडे सकाळ होती. लेकीच्या मागे रुंद रस्ता, ऊन आणि एक फलक दिसत होता. "आई, माँटगोमेरीला आलोय. गाडीने दोन-अडीच तास. ती बाई जिथे बसमध्ये चढली तो थांबा हाच. बोल."

"काय बोलू?"

"तू वर्गात शिकवायचीस तसं. इंग्रजीतून बोल. आवाज मोठा केलाय मी."

"अगं, लोक असतील तिथे."

"आहेत ना," ती म्हणाली. "ऐकू दे."

मी बोलले. दिवा तसाच हातात. कायद्यापासून सुरुवात केली, शिवणाऱ्या बाईवर आले, पायी चालणाऱ्या गावावर आले. फोनमध्ये हळूहळू दोन-चार अनोळखी माणसं दिसायला लागली. एक काळी वयस्क बाई काठीवर रेलून शेवटपर्यंत उभी होती. मी थांबल्यावर तिने लेकीला विचारलं, या कोण? लेक म्हणाली, "माझी आई. इतिहास शिकवते. तिला इथे यायचंय." कडेवरचा नातू फोनवर हात आपटत होता.

व्हिसाची दुसरी तारीख अजून मिळायची आहे. कशासाठी जायचंय असं विचारलं तर मी दोन्ही कारणं सांगणार आहे, नातू आणि इतिहास, आणि साहेब घंटेबद्दल चुकला तर त्यालाही सांगणार आहे. फोन ठेवताना लेक म्हणाली, "आई, ते लिहिलेलं टाक आता. माझं नावही घाल."

तिचं नाव वैदेही.