उजव्या बाजूचं मेडल

नांदेडला माजी सैनिकांचा मेळावा होता. रिपोर्टिंग टाइम साडेदहा. मी लातूरला राहतो, त्यामुळे सकाळी साडेपाचची एसटी धरायची होती. आदल्या दिवशी संध्याकाळीच बूट पॉलिश केले. ब्लेझरची बटणं घासली. मेडल्स नुसती कोरड्या कापडानं पुसली. मेडलला पॉलिश लावायचं नसतं. लोक लावतात आणि वाट लावतात.

मी पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मूळचा निलंग्याकडचा. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी सासरी असते. आता घरात मी एकटा. पाचला उठतो, दाढी करतो, अंथरुणाची घडी घालतो, झाडून काढतो. सातपर्यंत सगळी कामं संपतात. मग पुढचा सगळा दिवस शिल्लक राहतो. एवढ्या दिवसाचं काय करायचं हे फौजेत कुणी शिकवलं नाही. म्हणून मेळाव्याचं पत्र आलं की मला लई बरं वाटतं. लपवून काय करू.

नांदेडच्या बसस्टँडवर गयाबाई थांबल्या होत्या. नायगावजवळच्या खेड्यातल्या. त्यांचा मुलगा प्रकाश माझ्या प्लाटूनमध्ये होता. लान्स नाईक. काश्मीरमध्ये पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर असताना गेला. त्याला मरणोत्तर सेना मेडल मिळालं. नवरा आधीच वारलेला, दुसरं मूल नाही. दर मेळाव्याला आम्ही असे बसस्टँडवर भेटतो आणि रिक्षानं मैदानावर जातो.

"जय भीम, दादा."

"जय भीम, अक्का. मेडल आणलं?"

त्यांनी पिशवीतून डबी काढली. पांढरी साडी, पदर डोक्यावरून उजव्या खांद्यावर घेतलेला. मी तिथंच उभं राहून मेडल पदराला, उजव्या बाजूला लावून दिलं. हे दरवेळचं काम.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल, कारण सिव्हिलमधल्या लोकांना ती माहीत नसते. सैनिक आपलं मेडल डाव्या छातीवर लावतो. पण शहीद झालेल्याचं मेडल त्याची आई, बायको किंवा मूल लावतं, तेव्हा ते उजवीकडे लागतं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, की हे ज्यानं कमावलं तो आता नाही. गयाबाईंना हे मी शिकवलं होतं. प्रकाश गेला त्या वर्षी.

मैदानावर मंडप घातला होता. अकराला पुष्पचक्र. शहिदाचं नाव पुकारलं, की त्याच्या घरच्यानं पुढं जायचं, पुष्पचक्र ठेवायचं, मागं यायचं. वीरमाता आणि वीरपत्नींच्या खुर्च्या पहिल्या रांगेत होत्या. मी गयाबाईंना बसवलं आणि पाणी आणायला गेलो. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. परत आलो तर त्यांच्या पदरावर मेडल नव्हतं. जिथं पिन होती तिथं कापड थोडं फाटलं होतं.

"काय झालं?"

"त्या पोरग्या सायबानं काढाया लावलं. उलट्या अंगाला लावलंय म्हणला. समदे हसतील म्हणला." त्यांनी डबी मुठीत धरली होती. "दादा, इतकी वर्षं मी उलटंच लावून राहिले का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. मला ते जास्त लागलं.

"न्हाई अक्का. बरोबर हाय ते."

"मंग त्यो असं का म्हणला? त्यो सायब हाय. ऱ्हाऊ द्या. मी अशीच जाते पुढं. न्हाईतर जातच न्हाई."

साहेब मंडपाच्या खांबाजवळ उभा होता. लेफ्टनंट. नाव सांगत नाही. वय चोवीस-पंचवीस. बाहेरच्या युनिटमधून बंदोबस्ताला आलेला. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, पण गॉगल शर्टाच्या बटणात अडकवलेला आणि एक हात खिशात. लेफ्टनंट कालचा पोरगा असला तरी रँकनं सुभेदाराच्या वर असतो. पण चांगला ऑफिसर सुभेदाराला 'साब' म्हणतो. हीच रीत आहे.

मी समोर जाऊन सावधान उभा राहिलो.

"जय हिंद, सर."

"हां बाबा, बोलिए."

बाबा. मी गिळलं.

"सर, पहिल्या रांगेतल्या त्या वीरमाता आहेत. मेडल त्यांच्या मुलाचं आहे. ते राइटलाच लागतं." हे मी त्याला हिंदीतच सांगितलं.

"मेडल लेफ्ट में लगता है, बाबा. बच्चा बच्चा जानता है. जाइए, बैठिए."

"सर, ज्याचं आहे त्याला लेफ्ट. घरच्यांना राइट. रेग्युलेशन आहे."

"रेग्युलेशन मुझे मत सिखाइए."

माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माझा आवाज चढत नाही, उतरतो. माझ्या प्लाटूनमधल्या पोरांना हे ठाऊक होतं. ह्याला नव्हतं.

"सर," मी म्हणालो, "दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. अकराला त्यांच्या मुलाचं नाव पुकारतील. तुमच्या युनिटच्या ॲडज्युटंट साहेबांना फोन लावा आणि विचारा. मी चुकलो असेन तर इथल्या सगळ्या लोकांसमोर तुमची माफी मागतो. पण आत्ता विचारा. अकरानंतर विचारून उपयोग नाही. आणि सर, गॉगल काढा. इथं शहिदांच्या आया बसल्यात. खिशातला हातही."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मेडल्सकडं. मला वाटलं, आता हा कुणाला तरी बोलावून मला बाहेर काढतो. काढलं असतं तर मी गेलोही असतो, पण गयाबाई एकट्या पडल्या असत्या.

त्यानं हात खिशातून काढला. गॉगल काढला. दहा पावलं लांब जाऊन फोन लावला. तिकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. हा फक्त "यस सर" म्हणत होता. तीनदा म्हणाला.

परत आला तेव्हा कान लाल झाले होते.

"साब," तो म्हणाला, "राइट ही है. मुझे पता नहीं था."

"आता पता झालं, सर. मला नका सांगू. त्यांना सांगा."

तो गेला. हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पुष्कळ जण गेले नसते. खुर्चीसमोर गुडघा टेकून बसला आणि म्हणाला, "माँजी, गलती मेरी थी. आप सही थीं."

गयाबाईंनी डबी उघडून त्याच्यापुढं धरली. "काढाया तूच लावलंस. आता तूच लाव."

मी ते हिंदीत सांगितलं. त्याची पिन दोनदा घसरली. तिसऱ्यांदा लागली, फाटलेल्या जागेच्या जरा वर. मग उठून त्यानं कडक सॅल्यूट केला. गयाबाईंनी त्याच्याकडं न बघता पदर सारखा केला.

अकरा वाजून सहा मिनिटांनी प्रकाशचं नाव पुकारलं. त्या उठल्या, सरळ चालत गेल्या, पुष्पचक्र ठेवलं, हात जोडले, परत आल्या. कुणी हसलं नाही.

दुपारी आम्ही बसस्टँडवर बाकावर बसलो होतो. नायगावची गाडी यायची होती. गयाबाई म्हणाल्या,

"सायबाला लई दटावलं तुमी. आमच्या प्रकाशलाबी असंच दटावत होता का?"

"हाव."

"शेवटचं काय बोलणं झालं व्हतं त्याच्याशी?"

हे त्या पूर्वीही विचारायच्या. मी दरवेळी सांगायचो, तुमची आठवण काढत होता, पुढच्या सुट्टीत घरावर पत्रे टाकायचे म्हणत होता. तो तसं कधीतरी बोलला होता, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी पहाटे पेट्रोल निघायच्या आधी मी रांगेत उभ्या पोरांचं फॉलइन बघत होतो, तेव्हाच काय ते त्याच्याशी बोललो. सहा चाळीसला ते निघाले. सात पंचवीसला रेडिओवर आलं, "वन कॅज्युअल्टी, ओव्हर." मी नाव विचारलं. मग नाव आलं. इतकी वर्षं मी ते पहाटेचं बोलणं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"अक्का, मी खोटं सांगत आलो. त्यानं बाह्या वर दुमडल्या होत्या. मी म्हणालो, बाह्या खाली कर. एवढंच. दुसरं काही बोललो नाही. चांगलं काही बोलायला पाहिजे होतं."

नायगावची गाडी लागली. पिशवी उचलून त्या उभ्या राहिल्या.

"मंग केल्या का त्यानं खाली?"

"केल्या. बटणंही लावली. जी साब म्हणाला."

"घरीबी बाह्या वर करूनच हिंडायचा," त्या म्हणाल्या. "मी म्हणून म्हणून थकले. माझं कधी न्हाई ऐकलं. तुमचं ऐकलं."

आणि गाडीत चढल्या. खिडकीतून हात केला की नाही, गर्दीत मला दिसलं नाही.

मी लातूरची गाडी धरली. घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. कार्यक्रम कसा झाला हे विचारणारं घरी कुणी नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय. लान्स नाईक प्रकाश. नायगाव तालुक्यातला. गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सांगितलेलं ऐकायचा.