हसरं तोंड, काळे डोळे

सिस्टरबाईंना ‘बरं आहे’ हे शब्द सहन होत नसत. तपासायला आलेली बाई ‘बागुंदी’, म्हणजे बरं आहे, म्हणाली की त्या माझ्याकडे वळत. “बरं हाय त इतक्या उन्हात इथी काऊन आली? विचार न तिले!” मी काय विचारणार? मी पायाकडे बघत उभी राही.

सिरोंच्याकडच्या आमच्या गावात नुकताच टेलिफोन आला होता, तेव्हा सिस्टरबाई आरोग्य उपकेंद्राच्या नर्स म्हणून आल्या. मूळच्या चंद्रपूरच्या, तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. मी तिथे झाडलोट करायची, पाणी उकळायची. माझ्या घरी तेलुगू, शाळेत चौथीपर्यंत मराठी. पण लोकांसमोर माझा आवाजच निघत नसे. “दोन भाषा येते तुले, अन् बोलत एकही नाई,” त्या म्हणत.

एका जागी त्यांना बसवत नसे. चहा अर्धा टाकून उठायच्या, खिडकीतून रस्त्याकडे बघायच्या. कोण आली, यापेक्षा कोण आली नाही याचाच त्यांना घोर. संध्याकाळी मला घेऊन न आलेल्या बाईच्या दारात जाऊन उभ्या राहत. “मले चैन नाई पडत बाई,” एवढंच वाटेत बोलत.

शेवटी त्यांनी चित्रं काढली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर वाटी ठेवून गोल ओढले आणि त्यात तोंडं काढली: एक हसरं, एक गप्प, एक कण्हणारं, एक रडणारं. जितकं दुखतं तशा तोंडावर बाईने बोट ठेवायचं. रंग भरायचं काम माझं. बसच्या काचेवर पिवळं हसरं तोंड चिकटवलेलं असे, तशी मी सगळी पिवळीजर्द रंगवली. पहिल्याच म्हातारीने भिंतीवर लावलेल्या कागदाकडे बघून ओरडा केला, “कामेर्लु! कामेर्लु!” कामेर्लु म्हणजे कावीळ. दुसऱ्या दिवशी काविळीचं औषध मागायला माणसं दारात. सिस्टरबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. “आता आपल्यासारखी रंगव. बसवाली नको.” मग मी तपकिरी रंगवली.

तरी बायका बोट ठेवत ते हसऱ्यावरच. पाठीशी सासू उभी असताना रडक्या तोंडावर बोट ठेवायची कुणाची छाती? शिवाय रडकं तोंड दाखवणं अपशकुनाचं. सिस्टरबाई चिडत. “सारं गाव हासून राह्यलं, अन् मी गोळ्या कोनाले देऊ?”

राजक्का पहिलटकरीण होती, आठवा चालू होता. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला. सासू सोबत. बोट हसऱ्यावर. रक्तदाबाचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. सिस्टरबाई दारापर्यंत जात, परत येत, तिच्या पायावर बोट दाबून खळगा बघत. “डोकं दुखते काय?” त्यांनी कपाळाला हात लावून विचारलं. राजक्का हसली. सासू म्हणाली, “बागुंदी, बागुंदी.”

लस टोचून घ्यायला आलेल्या पोरांसाठी सिस्टरबाई कोरी तोंडंही काढून ठेवत. त्यातलं एक त्यांनी तेलखडूंसोबत राजक्काच्या मांडीवर ठेवलं. “रंगव,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईकडे गेल्या. राजक्काने तोंड नीट तपकिरी रंगवलं. ओठ लाल केले. मग काळा खडू घेतला आणि दोन्ही डोळे घासत राहिली, बुबुळंच नव्हे तर सगळे डोळे, कागद फाटेपर्यंत.

सासू हसली. “हिला कुंकू धड लावता येत नाही, चित्र काय रंगवणार?” मी ते सिस्टरबाईंच्या कानाशी मराठीत सांगितलं. सिस्टरबाई हसल्या नाहीत. “विचार तिले, डोळ्यापुढं अंधारी येते काय. सासूले नाई, तिले विचार.”

मी सासूकडे बघितलं. सासू माझ्याकडेच बघत होती. “बोल न व बाई, मले येत नाई तिची भाषा!” सिस्टरबाईंचा आवाज रडल्यासारखा झाला. तेव्हा मी खाली बसले आणि राजक्काच्या कानाशी विचारलं. तिने माझं मनगट धरलं. काल सकाळपासून मध्येमध्ये काहीच दिसेनासं होतं, म्हणाली. डोकं फुटतंय. मी हे सगळं मोठ्याने, सासूसमोर, मराठीत सांगितलं.

लाकडाच्या कामावरची जीप मिळाली. सिस्टरबाई तिला घेऊन गेल्या, पायात चपलासुद्धा न घालता. राजक्काला जीपमध्येच एकदा आकडीचा झटका आला, पण मोठ्या दवाखान्यात ती वाचली. मूलही वाचलं, मूठभर, पण रडणारं.

परत आल्यावर त्यांनी भिंतीवरचा कागद काढला. “पोराइले दे खेळाले. आता तू विचारत जाय.” त्या दिवसापासून मी विचारते. आधी सासूला बाहेर पाठवते, मग विचारते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. बसपाशी राजक्काची सासू नातवाला कडेवर घेऊन आली आणि तेलुगूत काहीतरी भराभर बोलली. “काय म्हणते?” सिस्टरबाईंनी मला विचारलं.

“म्हणते, जाऊ नका,” मी म्हणाले.

सिस्टरबाईंनी पिशवीत हात घातला, तेलखडूंची डबी काढली आणि पोराच्या हातात दिली. बसमध्ये चढून खिडकीतून वाकल्या. “इतकी तेलुगू मले आता समजते बाई. तिनं खडू मागतले.” बस हलली तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. “जाऊ नका कोन म्हटलं?”

“मी,” मी म्हणाले. आजूबाजूला सगळे ऐकत होते.